स्वीडनच्या जंगलात अळंबी शोधताना: पहिल्या हंगामासाठी

कोकणात वाढलेल्या माणसाला अळंबी वेगळी शिकवावी लागत नाही, असं मी स्वीडनला येईपर्यंत धरून चालले होते. जून-जुलैत चार दिवस संततधार लागून ऊन पडलं की वारुळापाशी जायचं, पांढऱ्या टोप्या दिसल्या की टोपली भरायची. आजीनं आईला दाखवलं, आईनं मला. गोव्यात तिला अळमी म्हणतात, आमच्याकडे अळंबी, पण नजर तीच: वारूळ, पांढरा रंग, जमिनीत खोल गेलेला देठ.

उप्सालाला आल्यावर पहिल्याच शरदात मी हीच नजर घेऊन जंगलात गेले. कांतारेल नावाच्या पिवळ्या, खाण्याजोग्या अळंब्या मिळाल्या आणि त्यांच्या बाजूलाच, ओलसर शेवाळात, पांढरीशुभ्र, नाजूक, दुधासारखी अळंबी. सुरीनं देठ कापून सगळ्या एकाच पिशवीत घातल्या. घराच्या जिन्यात शेजारच्या आजी भेटल्या. त्यांनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता ती माझ्या हातातून घेतली. त्यातली पांढरी अळंबी होती वीत फ्लुगस्वाम्प, म्हणजे अमानिता व्हिरोसा. एका अळंबीत धडधाकट माणसाचं यकृत निकामी करण्याइतकं विष असतं. आजींनी पिशवीतल्या कांतारेलसुद्धा टाकून दिल्या, कारण पांढरीचे तुकडे त्यांना चिकटले होते. मला तेव्हा त्या कांतारेलचं वाईट वाटलं होतं. आता मीही तेच करीन.

हा लेख त्या दिवसामुळे लिहिते आहे. दरवर्षी आपल्याकडची नवी मंडळी इथं शिकायला, नोकरीला येतात, ऑगस्टमध्ये सहकारी टोपल्या घेऊन निघालेले दिसतात आणि जावंसं वाटतं. जरूर जा. पण जाताना घरची ओळख घरीच ठेवून जा.

घरची नजर इथं का चालत नाही

आपली वारुळावरची अळंबी वाळवीच्या जिवावर वाढते. वाळवी तिची शेती करते म्हटलं तरी चालेल. स्वीडनच्या जंगलात वाळवीची वारुळं नाहीत, त्यामुळे ती अळंबीही नाही. पाइनच्या सुयांचे मोठाले ढीग दिसतील, ते लाल मुंग्यांचे. त्यांचा अळंबीशी संबंध नाही.

दुसरी फसगत अधिक वाईट आहे. आशियात भाताच्या पेंढ्यावर वाढवतात ती अळंबी कोवळी असताना अंड्यासारखी दिसते. युरोपातली सर्वांत विषारी अळंबी, अमानिता फॅलॉइडिस, तिचा कोवळा गड्डाही असाच अंड्यासारखा असतो. उत्तर अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात आग्नेय आशियातून आलेली माणसं याच साम्यामुळे दगावली आहेत. २०१५ च्या शरदात जर्मनीत सीरियातून आलेल्या अनेक निर्वासितांना याच अळंबीची विषबाधा झाली. अनोळखी वस्तू तोंडात घालणारी माणसं नव्हती ही. आपली ओळखीची भाजी मिळाली असं त्यांना वाटलं होतं.

म्हणून पहिला नियम, आणि माझ्या मते पहिल्या दोन हंगामांचा एकमेव पक्का नियम: पांढऱ्या पात्यांची कुठलीही अळंबी तोडायची नाही. टोपी उलटी केली की खाली छत्रीच्या काड्यांसारख्या पातळ उभ्या पट्ट्या दिसतात, त्यांना मी पाती म्हणते आहे. पांढऱ्या पात्यांच्या खाण्याजोग्या जाती इथं आहेत, चवीलाही बऱ्या आहेत. त्या सोडून द्या. काही बिघडत नाही.

निघण्याआधी

स्वीडनमध्ये आलेमान्सरेत्तेन, म्हणजे निसर्गात फिरण्याचा सर्वांचा हक्क, १९९४ पासून राज्यघटनेत नोंदलेला आहे. जंगल खासगी मालकीचं असलं तरी तुम्ही त्यात चालू शकता, अळंबी आणि बेरी तोडू शकता. परवानगी नको, पैसे नकोत, आणि हा हक्क परदेशी माणसालाही आहे. घराभोवतीचं आवार, उभं पीक आणि नव्यानं लावलेली रोपं मात्र टाळायची. संरक्षित क्षेत्रांचे नियम वेगवेगळे असतात, ते प्रवेशाच्या फलकावर लिहिलेले असतात. नॉर्वे आणि फिनलंडमध्येही असाच हक्क आहे. डेन्मार्क-जर्मनीत नियम अधिक आखडते आहेत, तिथं आधी चौकशी करा.

हंगाम जुलैत कांतारेलनं सुरू होतो, ऑगस्ट-सप्टेंबर भराचे. त्रात्तकांतारेल ही तपकिरी जात मात्र सप्टेंबरपासून पुढे, दक्षिणेकडे थेट नोव्हेंबरपर्यंत मिळते. पावसानंतर लगेच धावू नका, आठवडा-दहा दिवस जाऊ द्या.

सोबत टोपली घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत अळंबी घामेजते, दोन-तीन तासांत चिकट होते आणि चांगली अळंबीसुद्धा त्यामुळे बाधू शकते. लहान सुरी, रंगकामाचा मऊ ब्रश, चार-पाच कागदी पिशव्या. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. पॅन्ट मोज्यात खोचा, कारण गोचिड्या असतात आणि त्यांच्यामुळे दोन आजार होतात: बोरेलिया आणि टीबीई नावाचा मेंदूज्वर. टीबीईची लस मिळते आणि स्टॉकहोम-उप्साला पट्ट्यात राहणाऱ्यानं ती घेतलेली बरी. बोरेलियाची लस नाही, त्यामुळे घरी आल्यावर काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण तपासा. शरदात मूस या मोठ्या हरणाची शिकार चालते, त्या दिवसांत भडक नारिंगी टोपी घाला.

आणि फोन पूर्ण चार्ज करून घ्या. मान खाली घालून चालणाऱ्याला दिशा राहत नाही. स्प्रूस या सूचिपर्णी झाडांच्या जंगलात सगळीकडे सारखंच दिसतं. गाडी जिथं लावली ती जागा नकाशात आधी खूण करून ठेवायची.

अळंबी नाही, झाड शोधा

इथल्या बहुतेक चांगल्या अळंब्या झाडांच्या मुळांशी भागीदारीत राहतात. जमिनीखालचं कवकजाल झाडाला पाणी आणि खनिजं पुरवतं, झाड त्याला साखर देतं. आपण तोडतो ते फक्त फळ. म्हणून अनुभवी माणूस आधी झाडं पाहतो: स्प्रूस, पाइन, बर्च, दक्षिणेकडे ओक आणि बीच. जुनं जंगल, पायाखाली जाड शेवाळ, हलका उतार, ऊन-सावली. जिथं सगळी झाडं तोडून नवी लावली आहेत तिथं वेळ घालवू नका.

फळ तोडल्यानं कवकजाल मरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये याचा २९ वर्षं अभ्यास झाला आणि तोडण्यामुळे पुढच्या वर्षीचं पीक घटत नाही असं दिसलं. माणसांच्या पायांखाली जमीन तुडवली जाते, त्यानं मात्र फरक पडतो. तेव्हा शेवाळ उकरू नका. गुडघे टेकून हातानं अलगद बाजूला करा.

पहिली ओळख: कांतारेल

पहिल्या वर्षी एकच शिका. सबंध हंगाम फक्त कांतारेल. कंटाळवाणं वाटेल, पण शेवटी ती तुम्हाला दहा पावलांवरून ओळखता येईल, आणि नवीन अळंबी शिकायची म्हणजे काय ते कळेल.

हातात घ्या. रंग अंड्याच्या बलकाचा, वरून खालपर्यंत एकसारखा. आता उलटी करा. इथं पाती नाहीत, सुरकुत्या आहेत. जाडसर, बोथट, मध्येच फाटे फुटणाऱ्या, आणि टोपीच्या कडेपासून देठावर खाली वाहत गेलेल्या. नखानं एखादी सुरकुती सुटी करून पाहा. सुटत नाही, कारण ती टोपीच्याच मांसाची घडी आहे. देठ उभा चिरा: आत भरीव, फिकट, जवळजवळ पांढरा, आणि चिकनच्या शिजलेल्या तुकड्यासारखा तंतूंनी फाटणारा. वास घ्या. जर्दाळूचा गोडसर वास येतो, बरीच एकत्र असली की नक्की येतो.

तिची तोतया बहीण असते, नार्रकांतारेल. ती अधिक नारिंगी, टोपी मखमली, अंग मऊ आणि हलकं. उलटी केली की खाली दाट, पातळ, खरी पाती, आणि ती नखानं सुटतात. आत चिरलं तरी नारिंगी. ती जीवघेणी नाही, पण काहींचं पोट बिघडवते. दोघी शेजारी शेजारी ठेवून पाच मिनिटं पाहा. रंगावर भिस्त ठेवणारा इथं चुकतो, सुरकुत्यांना बोट लावणारा चुकत नाही.

पुढच्या तीन

दुसऱ्या वर्षी ब्लेक तागस्वाम्प. टोपी फिकट बिस्किटासारखी, पण खाली पातीही नाहीत आणि स्पंजही नाही: मऊ, बारीक काटे, मांजरीच्या जिभेसारखे. असे काटे असलेली फिकट अळंबी इथं विषारी नाही. जुनी कडवट लागते, कोवळी घ्या.

मग कार्ल युहान, म्हणजे बोलेटस एड्युलिस. पावासारखी तपकिरी टोपी, गलेलठ्ठ देठ, खाली स्पंज. स्पंज कोवळेपणी पांढरा, नंतर पिवळसर-हिरवा. देठाच्या वरच्या भागावर पांढरी बारीक जाळी. तिच्यासारखीच दिसते गाल्लसोप्प. तिची जाळी गडद आणि स्पंज वयपरत्वे गुलाबी होतो. ती विषारी नाही, पण कारल्याच्या दसपट कडू. एक तुकडा सबंध पातेलं वाया घालवतो. लाल स्पंजाच्या अळंब्या नवख्यानं तोडू नयेत.

या अळंबीच्या नावामागे एक गोष्ट आहे. स्वीडनच्या शेतकऱ्यांना पूर्वी अळंबी खायची फारशी सवय नव्हती, ती गुरांचं खाणं समजली जाई. १८१८ साली गादीवर आलेला राजा कार्ल युहान मूळचा फ्रेंच. त्याला ही अळंबी प्रिय, त्यानं तिचं कौतुक वाढवलं आणि नाव त्याचंच पडलं. त्याच काळात एलियास फ्रीस हा स्मोलांडमध्ये जन्मलेला शास्त्रज्ञ अळंब्यांचं वर्गीकरण करत होता. पुढे तो आमच्या उप्सालाला प्राध्यापक झाला. आज टोपली घेऊन निघणाऱ्या स्वीडिश कुटुंबांच्या पूर्वजांनीही हे पुढे कधीतरी शिकूनच घेतलं, हे मला धीर देणारं वाटतं.

तिसऱ्या वर्षी त्रात्तकांतारेल. माझी सर्वांत आवडती. तपकिरी टोपी, मध्ये खोलगट, बऱ्याचदा आरपार भोक. देठ पिवळट, चपटा आणि पोकळ, खाली राखाडी-पिवळ्या सुरकुत्या. एक दिसली की थांबा, नजर शेवाळावर स्थिर करा, आणि हळूहळू शेकडो दिसू लागतात. सुकलेल्या पानांत त्या इतक्या मिसळून जातात की आधी पायाखाली आलेल्या असतात.

आणि इथंच सावध राहायचं आहे. शेकडो दिसल्या की हात पटापट चालतो, मूठभरून तोडाव्याशा वाटतात. याच शेवाळात, याच स्प्रूसखाली तोप्पिग यिफ्तस्पिंडलिंग उगवते. विटकरी-नारिंगी, टोपीला मध्ये टोक, खाली विरळ, खरी, गंजाच्या रंगाची पाती, भरीव देठावर पिवळसर वेडेवाकडे पट्टे. तिच्यातलं ओरेलानिन हे विष मूत्रपिंडं निकामी करतं. लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून दोन-तीन आठवडेही लागतात, तोवर काय खाल्लं होतं हेच माणूस विसरलेला असतो. २००८ साली स्कॉटलंडमध्ये एका कुटुंबानं ती खाण्याजोगी समजून शिजवली. त्यातल्या तिघांना डायलिसिसवर राहावं लागलं.

म्हणून त्रात्तकांतारेल एकेक तोडायची. प्रत्येक उलटी करून पाहायची, प्रत्येकीचा देठ चिमटीत दाबून पोकळ आहे ना ते तपासायचं. घरी साफ करताना पुन्हा. मी वर्तमानपत्र पसरून बसते आणि एकेक उचलते. दोन लिटर अळंबीला तासभर लागतो.

ज्या खायच्या नाहीत त्या आधी

विषारींची यादी मोठी आहे, पण चार तोंडपाठ हव्यात. वीत फ्लुगस्वाम्प: सबंध पांढरी, स्प्रूसच्या ओल्या जंगलात, देठाला फाटका झालरीसारखा घेर, तळाशी जमिनीत गाडलेली पिशवी. लोम्स्क फ्लुगस्वाम्प, म्हणजेच वर सांगितलेली अमानिता फॅलॉइडिस: हिरवट-पिवळी टोपी, खाली पांढरी पाती, तीच पिशवी, जास्त करून ओकखाली दक्षिणेत. तिसरी यिफ्तस्पिंडलिंग. चौथी वसंतात येणारी स्टेनमुर्क्ला, मेंदूसारख्या वळ्यांची तपकिरी. फिनलंडमध्ये ती दोनदा उकळून, पाणी फेकून खातात. स्वीडनचा सरकारी अन्न विभाग ती खाऊच नका म्हणतो, आणि मी त्यांचं ऐकते.

लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली तर सगळ्यांनाच ठाऊक असते. घात करतात त्या साध्या दिसणाऱ्या. पॅक्सिलस नावाची मातकट तपकिरी अळंबी जुन्या पिढीत पूर्व युरोपात सर्रास खात. १९४४ साली युलियुस शेफर हा जर्मन अळंबीतज्ज्ञ ती खाऊनच गेला. आधी अनेकदा पचली म्हणजे ती निर्धोक, असं होत नाही: शरीर हळूहळू तिच्या विरोधात उठतं.

गावोगावच्या समजुतीही सोडा. चांदीचा चमचा काळा पडणं, लसूण टाकून पाहणं, किडे लागलेली म्हणजे चांगली, गोगलगाय खाते म्हणजे आपणही खाऊ: एकही खरी नाही. अमानिताचं विष शिजवून, तळून, वाळवून जात नाही.

अनोळखी अळंबी फक्त अभ्यासासाठी घ्यायची असेल तर वेगळ्या कागदी पिशवीत ठेवा आणि कापू नका. बोटांनी मुळाशी माती सैल करून अख्खी उचला, म्हणजे तळाची पिशवी दिसेल. माझी पहिली चूक तीच होती: देठ वर कापला आणि ओळखीची खूण जमिनीतच राहिली. घरी टोपी कागदावर पालथी घालून वर पेला झाका, सकाळी बीजाणूंचा ठसा मिळतो. अमानिताचा पांढरा, यिफ्तस्पिंडलिंगचा गंजासारखा, पेंढ्यावरच्या आशियाई अळंबीचा गुलाबी. विषारी अळंबीला हात लावल्यानं काही होत नाही, पोटात जाऊ द्यायची नाही इतकंच.

फोटोवरून नाव सांगणारी ॲप अंदाजापुरती ठीक, जेवणापुरती नाहीत. फोटोत देठाचा तळ नसतो, वास नसतो. सप्टेंबरमध्ये बऱ्याच शहरांत अळंबी मंडळं आणि वनस्पती उद्यानं प्रदर्शनं भरवतात, तिथं टोपली घेऊन गेलं तर जाणकार एकेक पाहून सांगतात. भाषेची अडचण वाटून जायचं टाळू नका, बोट दाखवून काम होतं.

काही झालंच तर: विषारी खाल्ल्याची शंका आली की उलटीची वाट न पाहता ११२ लावा आणि 'यिफ्तइन्फोर्माशून', म्हणजे विषमाहिती, मागा. तातडी नसेल, नुसती शंका विचारायची असेल तर ०१०-४५६ ६७०० हा विषमाहिती केंद्राचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. अमानितानं उलट्या-जुलाब साधारण ८ ते २४ तासांनी सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं, आणि त्याच दिवसात यकृत जात असतं. बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका. उरलेली भाजी, साफ करताना काढलेले तुकडे सोबत न्या, त्यावरून जात कळते.

घरी आल्यावर

जंगलातच ब्रशनं माती झाडा, देठाचा घाणेरडा भाग तिथंच कापून टाका. घरी धुवू नका, अळंबी पाणी शोषते. किडकी, काळवंडलेली बाजूला.

कच्ची कुठलीच खायची नाही. कांतारेल कोरड्या कढईत टाका, मध्यम आच. दोन मिनिटांत ती आपलंच पाणी सोडते, कढईत चक्क डबकं होतं. ते आटू द्या, चर्र आवाज बदलून बारीक फटफट ऐकू येऊ लागली की मग लोणी. मी त्यात ठेचलेला लसूण आणि मिरी घालते, भाकरीबरोबर खाते. खोबऱ्याच्या वाटणात टाकून पाहिली, पण वाटण तिचा जर्दाळूचा वास गिळून टाकतं. वाटणासाठी कार्ल युहान बरी, तिला मसाला पेलतो. नवी जात पहिल्यांदा खाताना दोन-तीन तुकडेच, आणि लहान मुलांना त्या दिवशी नाही. दोन-चार अळंब्या कच्च्याच फ्रिजमध्ये मागे ठेवा, काही झालंच तर त्यावरून जात ओळखता येते.

कांतारेल वाळवली की चिवट होते, ती परतून फ्रीझरमध्ये टाका. त्रात्तकांतारेल आणि कार्ल युहान वाळवायच्याच. काप करून चाळणीवर, ४०-५० अंशांवर, कुरकुरीत होईपर्यंत. वाळलेली मूठभर भिजवून पुलावात घातली की भिजवलेलं पाणीही घाला, सगळी चव त्यात असते.

एक गोष्ट मात्र आमच्या भागात लक्षात ठेवावी लागते. १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातानंतर किरणोत्सर्गी सीझियम येव्ले, उप्पलांदचा उत्तर भाग, व्हेस्टमानलांद आणि व्हेस्टरबॉटन इथं पावसाबरोबर उतरलं. त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, आणि काही अळंब्या ते साठवतात. विक्रीच्या अळंबीला किलोमागे १,५०० बेक्वेरेलची (हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मर्यादा आहे. अधूनमधून खाणाऱ्याला काळजीचं कारण नाही, पण त्या पट्ट्यातली अळंबी हिवाळाभर खायची असेल तर उकळून ते पाणी फेकून द्या, सीझियमचा बराच भाग निघून जातो. म्हणून मी प्रत्येक बरणीवर अळंबीचं नाव, महिना आणि जंगल लिहिते.